गळ्यात पट्टा, हातात रिमोट

वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला पुण्यात रिकामपण म्हणून मिळत नाही. गिझरचा थर्मोस्टॅट, इन्व्हर्टरमधलं पाणी, फ्रीजला ओला हात लागला की मुंग्या का येतात, गॅलरीतली दिवाळीची माळ निम्मीच का पेटते, असलं सगळं माझ्या दारात येतं. फुकट येतं आणि वर चहा पिऊन जातं. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब एका रविवारी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून "जरा बघता का, यातला किती व्होल्टचा घ्यावा?" असं विचारत आले, तेव्हा डास मारायच्या रॅकेटपलीकडे माझी कल्पना गेली नाही. निघाला कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. पट्ट्यावर एक प्लास्टिकची डबी असते. डबीच्या आतल्या अंगाला धातूचे दोन बोथट खिळे, ते कुत्र्याच्या कातडीला टेकतात. मालकाच्या हातात रिमोट. रिमोटवर साधारण तीन बटणं. एकानं डबी पीप करते, दुसऱ्यानं थरथरते आणि तिसऱ्यानं त्या दोन खिळ्यांमधून विजेचा ठोका बसतो. व्होल्टचा आकडा ऐकायला भयंकर असतो, पण करंट अगदी किरकोळ आणि ठोका सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापुरता. थंडीत पॉलिएस्टरचा स्वेटर काढताना चट्‌ होतं त्याच कुळातला, फक्त हा कुणीतरी मुद्दाम दिलेला. "तेव्हा व्होल्ट विचारू नका," मी वकीलसाहेबांना म्हणालो, "पायऱ्या विचारा."

हे सांगायला नको होतं, कारण मग पायऱ्यांवरून सुरू झालं. काही पट्ट्यांना १६ पायऱ्या असतात, काहींना १००, डॉगट्रा नावाच्या कंपनीच्या काही रिमोटवर तर १२७. वकीलसाहेबांची समजूत अशी की १२७ वाला पट्टा १०० वाल्याहून २७ नं जालीम. बहुतेक गिऱ्हाइकांची हीच समजूत असते आणि विकणाऱ्याला ती दुरुस्त करायची घाई नसते. खरं म्हणजे पायऱ्या जितक्या जास्त तितक्या त्या बुटक्या. आठच असल्या तर तिसरीवर कुत्र्याला काही कळत नाही आणि चौथीवर तो केकाटतो, मधे थांबायला जागाच नाही. शंभर असल्या की जेमतेम जाणवेल तिथे थांबता येतं. म्हणजे जास्त आकड्यांचा पट्टा हा उलट जास्त मवाळ मालकासाठी असतो. वकीलसाहेबांना हे पटलं नाही. मवाळ मालकानं पट्टा घ्यावाच कशाला, असा त्यांचा उलटतपासणीचा प्रश्न होता, आणि तो वाईट नव्हता.

मग त्यांनी रेंज काढली. स्वस्तातल्याची ३०० मीटर, मधल्याची ८००, महागाची दीड किलोमीटर.

"दीड किलोमीटरवालाच घेऊ. असू दे."

"दीड किलोमीटरवर ब्रूनो काय करतोय हे तुम्हाला इथून दिसणार कसं?"

"ते बटण दाबल्यावर कळेलच की!"

या धंद्यातला पहिला नियम असा आहे की कुत्रा डोळ्यांसमोर नसेल तर बटणाला हात लावायचा नाही. तो नाल्याकाठी उंदीर हुंगत असेल, किंवा एखाद्या लहान मुलाच्या हाताला हुंगत असेल. शिवाय कंपनीचे मीटर मोकळ्या माळावर मोजलेले असतात. आरसीसीच्या भिंती मधे आल्या की ते आटतात. पण वस्तू एकदा 'असू दे' या सदरात गेली की तिच्यापुढे तांत्रिक मुद्दे टिकत नाहीत. अखेर ८०० मीटरवर तडजोड झाली. पाण्यात चालणारा पाहिजे, हीही अट होती. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी बिघडत नाही. ब्रूनो गेल्या पावसाळ्यात डबकं पाहून उलटा फिरला होता, हे वहिनींनी लक्षात आणून दिलं, पण तोवर पैसे भरून झाले होते.

आता ब्रूनोविषयी. तो बीगल आहे. बीगल ही इंग्रजांनी सशांच्या शिकारीसाठी जोपासलेली जात. कळपानं पळायचं, नाक जमिनीला लावायचं, वास सोडायचा नाही आणि मागून धापा टाकत येणारी माणसं काय ओरडतायत ते त्यांचं त्यांना ओरडू द्यायचं, हे या जातीचं पिढीजात शिक्षण. तेव्हा ब्रूनो हाकेला येत नाही यात त्याचा उर्मटपणा काही नाही, खानदानी पेशाच तसा आहे. त्याला सकाळी मैदानावर मोकळा सोडला की तो थेट आदल्या रात्री भेळेची गाडी जिथे उभी होती तिथे जातो. तिथली पाहणी झाली की कणसवाल्याची जागा. वकीलसाहेब मागून "ब्रूनो, कम! अरे ये ना रे! ब्रूनो! इकडे ये म्हणतो ना! सोन्या, ये बाबा!" अशी हुकमापासून अर्जापर्यंतची सगळी घसरण एका दमात करतात. कोर्टात या माणसाच्या आवाजानं साक्षीदाराला घाम फुटतो म्हणे. ब्रूनोचा कानही हलत नाही.

मुळात हा पट्टा अशाच कुत्र्यांसाठी निघाला, एवढं मान्य करायला हवं. अमेरिकेत शिकारी कुत्री एकदा हरणाच्या वासावर लागली की डोंगरापलीकडे जातात. त्यांना रॅकून हुंगायला नेलेलं असतं आणि ती परततात हरणाच्या नादात, तीही दुसऱ्या दिवशी. एवढ्या लांब हाक पोचत नाही, दोरी पोचत नाही, म्हणून रेडिओ लहरी. ॲरिझोनातली ट्राय-ट्रॉनिक्स ही त्या धंद्यातली जुनी पेढी, २०११ मध्ये ती गार्मिननं विकत घेतली. सुरुवातीच्या पट्ट्यांना पायऱ्याबियऱ्या नव्हत्या. एकच ठोका, आणि तो सणसणीत. शेकडो एकरांची रानं, अंधार, बंदुका, हरणं असा तो सगळा मामला. तोच पट्टा कोथरूडच्या मैदानावर भेळेच्या गाडीच्या जागेसाठी वापरायचा, म्हणजे जरा जास्तच झालं. पण लोक शनिवार पेठेत डिझेलच्या मोठ्या जीपगाड्या चालवतात. त्यातलंच हे.

पार्सल आलं त्या दिवशी मला बोलावणं होतं. पट्टा, रिमोट, चार्जर, लांब केसांच्या कुत्र्यांसाठी खिळ्यांची जादा लांब जोडी आणि एक इवलासा निऑनचा दिवा निघाला. दिवा पाहून मला बरं वाटलं. आमच्या टेस्टरमध्ये असतो तसाच तो. दोन खिळ्यांवर धरायचा, बटण दाबायचं, लुकलुकला म्हणजे पट्टा चालू. इतकं सोपं आणि निरुपद्रवी साधन दिलेलं असताना घरातल्या एकानंही ते वापरलं नाही. प्रत्येकाला पट्टा स्वतःच्या हातावर लावून बघायचा होता.

पहिला मान जावईबापूंचा. नुकतेच जिन्यानं वर आल्यामुळे त्यांना घाम आलेला. त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला खिळे टेकवले आणि सासऱ्यांनी आठवर बटण दाबलं. जावईबापू उडाले, पोह्यांची बशी उडाली, वकीलसाहेब खूश झाले. मग लेक, मग नात, ती दहावर खिदळली. मग ऐंशी ओलांडलेल्या आजींनी पदर सावरून हात पुढे केला. आठ. काही नाही. पंधरा. काही नाही. पंचवीसला त्या म्हणाल्या, "चालू केलंयत का?" चाळीसला जावईबापू तोंड फिरवून उभे राहिले. आजी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या वाड्यातल्या इस्त्रीला याहून जास्त होता."

यात आजींची सहनशक्ती थोडी आणि ओहमचा नियम जास्त होता. म्हातारपणाची कोरडी कातडी वीज सहजी आत घेत नाही. घामेजलेलं मनगट अगत्यानं घेतं. कुत्र्याचंही तेच. केस दाट की विरळ, मान ओली की कोरडी, खिळे नीट टेकलेत की केसांवर तरंगतायत, यावर तोच आकडा कधी नुसती गुदगुली असतो तर कधी किंचाळी. म्हणून 'माझ्या हातावर लावून बघितलं, काही नाही होत' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. हे वाक्य मी त्यानंतर मैदानावर निरनिराळ्या मालकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि प्रत्येकानं ते कुत्र्यावर उपकार केल्याच्या सुरात म्हटलं होतं.

रिमोट कुणाकडे राहणार, हा प्रश्न मग निघाला. ज्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरातल्या कर्त्या माणसाच्या उशीखाली ठेवतात, तिथे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलंच असतं. वकीलसाहेबांनी तो गळ्यात अडकवला. असाच एक पट्टा नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी मिळतो का, हा विनोद त्या आठवड्यात सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकानं वकीलसाहेबांना ऐकवला. तो मी इथे लिहीत नाही.

माहितीपुस्तक नातीनं मोठ्यानं वाचलं, कारण घरात बारीक अक्षर चष्म्याशिवाय फक्त तिलाच दिसतं. पहिलं कलम: काही दिवस पट्टा बंद ठेवूनच घालायचा. म्हणजे त्रासाचा उगम गळ्यातच आहे हे कुत्र्याच्या ध्यानात येत नाही. दुसरं: पट्टा घट्ट बसवायचा, नाहीतर खिळे टेकत नाहीत. तिसरं: दर दोनएक तासांनी डबी सरकवायची आणि रात्री पट्टा काढायचा, नाहीतर त्या दाबानंच मानेला जखमा होतात. लोक त्यांना विजेचे चटके समजतात, पण वीज बंद ठेवून पट्टा दिवसभर आवळला तरी त्या होतातच. चौथं: शून्यापासून एकेक पायरी वर जायचं आणि कुत्र्याचा कान जरासा हलला, त्यानं मान वळवली किंवा माशी बसल्यासारखं मानेपाशी खाजवलं की थांबायचं. ती त्याची कामाची पायरी.

कान हलला की थांबा, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं बीगल पाहिलेला नसावा. बीगलचे कान हनुवटीखाली लोंबतात आणि ते सदासर्वकाळ हलतच असतात. शून्यावर हलत होते, पाचावर हलत होते, पट्टा टेबलावर काढून ठेवला तेव्हाही हलत होते. सगळं कुटुंब अर्धवर्तुळात बसून त्या कानांकडे पाहत होतं आणि ब्रूनो या अचानक मिळालेल्या मानानं गहिवरून प्रत्येकाचा हात चाटत होता.

पाचवं कलम मात्र मी नातीला दोनदा वाचायला लावलं. त्यात म्हटलं होतं की पट्टा वापरण्याआधी 'ये' म्हटल्यावर यायला कुत्र्याला शिकवलेलं असलं पाहिजे. लांब दोरी बांधून, खाऊ देऊन, शांत जागी, मग गर्दीच्या जागी. ते पक्कं झालं की मगच पट्टा. आता मला सांगा, हाक मारल्यावर कुत्रा येत असेल तर पट्टा कशाला? आणि येत नसेल तर हे पुस्तकच म्हणतं की पट्टा चालणार नाही. एवढी प्रामाणिक वस्तू मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नाही. आपल्या निरुपयोगाचं प्रमाणपत्र ही डब्यातच घालून देते, फक्त पाचव्या कलमात आणि मुंगीच्या अक्षरात. जाणकार शिकवणारे यावर म्हणतात की पट्टा शिकवण्यासाठी नसतोच, शिकलेलं लांबून आठवून देण्यासाठी असतो. त्यांचं खरं असेल, पण शिकवण्याची तसदी वाचावी म्हणूनच तर गिऱ्हाईक पैसे मोजतं.

वकीलसाहेबांनी पाचवं कलम वाचनातून वगळलं आणि दुसऱ्या दिवशी मैदान गाठलं. निदान विजेचं बटण लगेच वापरायचं नाही, थरथरीवर भागवायचं, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यातही एक मेख असते. कित्येक कुत्र्यांना हलक्या ठोक्यापेक्षा ही थरथरच जास्त दचकवते.

ब्रूनो भेळेच्या जागेकडे निघाला. वकीलसाहेबांनी हाक मारली. तो आला नाही. तेव्हा त्यांनी गळ्यातला रिमोट चाचपला, तो स्वेटरच्या आत गेलेला होता. तो काढला. मग चष्मा. तो डोक्यावर होता, पण शोधला खिशात. मग चुकून दाबलं जाऊ नये म्हणून रिमोटला जे कुलूप असतं ते उघडलं. या अवधीत ब्रूनोनं भेळेची जागा हुंगून संपवली, विचार बदलला, परत फिरला आणि चक्क वकीलसाहेबांच्या दिशेनं दुडुदुडु येऊ लागला. त्या क्षणी बटण दाबलं गेलं.

कुत्र्याच्या हिशेबात शिक्षा ही त्या घटकेला तो जे करतोय त्याची. मागच्या मिनिटाचा खटला त्याच्यापुढे चालत नाही. सेकंदभर उशीर झाला तरी गुन्हा वेगळा आणि शिक्षा वेगळी. ब्रूनोनं त्या सकाळी एवढंच शिकून घेतलं की मालकाकडे गेलं की मान थरथरते. तो वाटेतच बसला. हाका वाढल्या तसा मागे सरकला. इतके दिवस तो फक्त येत नव्हता. आता तो विचार करून येत नव्हता.

दुसऱ्यांदा बटण दाबलं गेलं ते नेमकं हास्यक्लबाची मंडळी हात वर करून सामुदायिक 'हा हा हा' करत होती तेव्हा. कुत्रा मानेच्या थरथरीचा संबंध आपल्या मनातल्या हेतूशी जोडत नाही, समोर जे दिसतं किंवा ऐकू येतं त्याच्याशी जोडतो. लहान मूल, स्कूटर, दुसरा कुत्रा, जे काय त्या क्षणी समोर असेल ते. म्हणूनच भांडकुदळ कुत्र्यावर हा पट्टा वापरणं सगळ्यात धोक्याचं. दुसरा कुत्रा दिसला की दुखतं, असं त्याला कळतं आणि तो आणखी चवताळतो. ब्रूनोच्या वाट्याला हास्यक्लब आला. तेव्हापासून कुणी मनापासून हसलं की तो बाकाखाली जातो. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला की दिवाणाखाली. हास्यक्लबाच्या अध्यक्षांना हा अपमान वाटला. आमचं हसणं कृत्रिम आहे हे कुत्र्यालाही कळतं, असं कुणीतरी पसरवलं होतं.

पाव्हलॉव्हचं नाव अशा वेळी कुणीतरी काढतंच. ते रशियन गृहस्थ, घंटा, लाळ. त्यांना नोबेल मिळालं ते १९०४ मध्ये आणि पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण लाळेवाल्या प्रयोगांतला एक इथे कामाचा आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याला आधी विजेचा झटका आणि लगोलग खाणं, असं पुनःपुन्हा केलं तेव्हा तो कुत्रा झटका बसला की लाळ गाळू लागला. म्हणजे एकाच ठोक्यातून कुत्रा जेवणाची वर्दीही घेऊ शकतो आणि हास्यक्लबाची धास्तीही. बटण दाबणाऱ्याला त्यातलं काय अभिप्रेत होतं, हे त्याला सांगायला कुणी जात नाही. अमेरिकेत १९६७ च्या सुमाराला मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुत्र्यांना असे झटके दिले की काहीही केलं तरी ते चुकत नव्हते. पुढे पळून जायची वाट मोकळी करून दिली, तरी त्यातली बरीच कुत्री जागची हलली नाहीत, पडून राहिली. हे वाचल्यावर मला विनोद सुचेना. कारण कळेनासा झालेला मार खाणारा कुत्रा कुणाला 'शांत झाला हो!' असा दिसू शकतो.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठानं तर सरळ तुलनाच केली. हाकेला न येणारी, मेंढ्यांमागे धावणारी कुत्री घेतली. काहींना अनुभवी शिकवणाऱ्यांनी पट्ट्यानं शिकवलं, काहींना खाऊ देऊन. २०१४ मध्ये निष्कर्ष छापला. पट्ट्यानं जास्त काही साधलं नाही, कुत्री मात्र जास्त ताणाखाली दिसली. तिकडे पट्टा वापरणारे हात तरबेज होते. इकडे चष्मा डोक्यावर ठेवून खिशात शोधणारे होते.

कायद्याचा विषय निघाल्यावर वकीलसाहेबांना चैतन्य आलं, ते मैदानापेक्षा अभ्यासिकेत नेहमीच बरे दिसतात. वेल्सनं २०१० मध्ये कुत्र्या-मांजरांवर असे पट्टे वापरायला बंदी घातली. जर्मनीत २००६ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयानं असा पट्टा वापरणं प्राणिसंरक्षण कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. इंग्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून बंदी यायची होती, ती संसदेत अडकली. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात या पट्ट्याचं नाव नाही, पण प्राण्याला विनाकारण वेदना दिल्या तर कलम ११ लागतं. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०.

"पन्नास रुपये!" वकीलसाहेब म्हणाले. "पार्किंगला जास्त पडतात हो."

"पुन्हा केलं तर?"

"तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १००, किंवा तीन महिने आत. किंवा दोन्ही." हे म्हणताना त्यांनी गळ्यातला रिमोट काढून टेबलावर ठेवला. मी तो ड्रॉवरमध्ये सारला.

हे चाललेलं असतानाच सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपली वेगळी मागणी रेटली. त्यांना ब्रूनोनं हाकेला यावं असं काही नव्हतं, त्यानं भुंकू नये एवढंच होतं. त्यासाठी वेगळा पट्टा मिळतो, त्याला रिमोट लागत नाही, तो भुंकणं ऐकून आपणच ठोका देतो. काही पट्टे ठोक्याऐवजी नाकासमोर गवती चहाच्या चुलतभावाचा, सिट्रोनेलाचा, फवारा मारतात. पण स्वस्तातल्या पट्ट्याला नुसता माइक असतो. भुंकलं कोण, हे त्याला कळत नाही. आमच्या गल्लीत रात्री दोननंतर भटक्या कुत्र्यांची जी मैफल जमते ती पाहता, गल्लीतल्या सगळ्यांच्या भुंकण्याची शिक्षा बिचाऱ्या झोपलेल्या ब्रूनोला झाली असती. हे मी सर्वसाधारण सभेत समजावून सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणाले, मग कुत्र्यालाच बंदी करू. त्यावर वकीलसाहेब उठले आणि त्यांनी पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीनं बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्याला बंदी करता येत नाही. सभा चहापानानंतर पार्किंगच्या पट्ट्यांवर घसरली.

ब्रूनोचं काम शेवटी नातीनं केलं. तिला अमेरिकेतल्या आत्यानं सांगितलं होतं की तिकडच्या विमानतळांवर पिशव्या हुंगायला बीगलच ठेवतात. हे खरं आहे. १९८४ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं हे बीगल पथक सुरू केलं. जाकीट घातलेलं ते गोजिरवाणं ध्यान तुमच्या बॅगेपाशी येऊन नुसतं खाली बसतं आणि आजीनं लेकीसाठी नेलेले हापूस जप्त होतात. या कुत्र्यांना तयार करतात ते खाऊ देऊन. आंब्याचा वास ओळखला, बसला, की तोंडात खाऊ. जो कुत्रा जगात फक्त खाण्यासाठी जन्माला आलाय त्याला खाण्यानं शिकवायचं, यात बुद्धी ती काय लागणार?

अडचण होती ती खाऊची. बिस्किटांना ब्रूनो मैदानावर विचारत नाही, तिथे भेळ असते. त्याला हवं होतं उकडलेलं चिकन, आणि वकीलसाहेबांचं घर शुद्ध शाकाहारी. आजींनी बराच विचार करून निवाडा दिला. घरात नाही, पण गॅलरी म्हणजे काही घर नव्हे. वेगळं भांडं, वेगळी शेगडी. गॅलरीत इंडक्शनसाठी १६ अँपियरचा पॉइंट मी काढून दिला. या सगळ्या प्रकरणात विजेचा जो काही उपयोग झाला तो एवढाच.

नातीनं कपडे वाळत घालायची वीसेक फुटांची नायलॉनची दोरी ब्रूनोला बांधली आणि घरात फतवा काढला. हाक एकच, 'ये'. एकदाच मारायची. 'कम' नाही, 'सोन्या' नाही, 'डॅडी बोलावतायत' तर मुळीच नाही. आला की वाटाण्याएवढा तुकडा, लगेच, आणि मग पुन्हा हुंगायला सोडायचं. हे शेवटचं मोठ्या माणसांना जमत नाही. आपण कुत्र्याला हाक मारतो ती घरी न्यायलाच, मग त्यानं का यावं? सुरुवात जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग मैदानावर भेळेच्या जागेपासून लांब, मग जवळ. पाचव्या कलमात होतं तेच सगळं. आता ब्रूनो बहुतेक वेळा येतो. नेहमी नाही, कारण तो बीगल आहे आणि भेळवाला अधूनमधून जागा बदलतो. वकीलसाहेबांच्या हाकेलाही येतो, मात्र त्यांना एकदाच हाक मारून गप्प बसायला शिकवताना नातीची ब्रूनोपेक्षा जास्त शक्ती गेली. त्यांच्या बाबतीत चिकनचाही उपयोग नव्हता.

पट्टा विकायला काढला. जाहिरातीचा मजकूर वकीलसाहेबांनी स्वतः लिहिल्यामुळे तो नोटिशीसारखा झाला: सदरहू पट्टा सुस्थितीत असून त्याच्या वापराची अगर परिणामांची कोणतीही जबाबदारी विकणार घेत नाही. बरेच दिवस कुणी विचारलं नाही. मग दौंडकडचे एक शेतकरी आले. त्यांनी पट्टा उलटापालटा करून पाहिला, निऑनचा दिवा लावून पाहिला, हे करणारे ते पहिलेच, आणि विचारलं, "गायीच्या मानंला पुरंल का?"

वकीलसाहेबांनी पट्टा काढून घेतला. "कलम ११ लागेल तुम्हाला. आणि गाय कशाला?"

"शेजाऱ्याच्या उसात शिरती वो."

मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की गुरांचे असे पट्टे खरोखरच निघालेत. नॉर्वेतल्या नोफेन्स नावाच्या कंपनीनं ते आधी शेळ्यांसाठी केले, मग गायी-मेंढ्यांसाठी. मोबाइलच्या नकाशावर आपल्या रानाभोवती रेघ ओढायची. जनावर रेघेपाशी गेलं की पट्ट्यातून सूर निघतो, तो चढत जातो, वळलं तर ठीक, नाही वळलं तर हलका झटका. कुंपण नाही, तार नाही. जनावरं बहुतेकदा सुरावरच वळायला शिकतात.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "ते समदं खरं. पर नार्वेत ऊस असतोय व्हय?"